गादीमागची जागा

टिपणीसांनी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि वृंदाच्या फोटोतल्या चारही आजींचे पाय गुडघ्यापाशी छाटून टाकले. रेघ पट्टी न लावता मारलेली, तरी दोरी धरल्यासारखी सरळ. मग त्यांनी वरचं आभाळ छाटलं, उजवीकडचा विजेचा खांब छाटला, आणि पोस्टकार्डाच्या मापाच्या त्या फोटोत आगपेटीएवढा जो तुकडा उरला त्यावर बोट ठेवून सगळ्यांना सांगितलं, की फोटो एवढाच आहे, बाकीचा कागद वाया गेला.

भवानीपुरातल्या एका दुमजली घराच्या खालच्या खोलीत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, फोटोची हौस असलेले दहा-बारा जण जमत. बहुतेक सगळे बंगाली. मराठी म्हणजे वृंदा आणि हे टिपणीस. श्यामकांत टिपणीस कॉलेजात रसायन शिकवत. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, त्यांच्या वडिलांचाही इथलाच. मराठी अगदी शुद्ध बोलत, पण बंगाल्यांसारखं वाक्याच्या आधी एक 'माने' लावत, आपण 'म्हणजे' म्हणतो तसं. खोलीचे तीन नियम त्यांनीच घालून दिले होते. नाव लिहायचं ते फोटोच्या पाठीमागे. ज्याचा फोटो त्यानं तोंड उघडायचं नाही. आणि खोलीत जो सर्वांत नवा, त्यानं आधी बोलायचं. कारण जुने आधी बोलले की नवे नुसत्या माना डोलावतात.

दुसरा नियम वृंदाकडून त्या दिवशी मोडला.

"पण सर, पाय नसले तर नमस्कार कुठं करायचा?"

टिपणीसांनी ते बंगालीत सांगितलं आणि खोली हसली. वाईट हसली नाही, पण हसली.

"माने, वृंदाताई, हा फोटो आहे, देव्हारा नाही," टिपणीस म्हणाले. त्यांनी टेबलावरचा तिचा कॅमेरा उचलला. धर्मतल्ल्याच्या एका दुकानातून नवऱ्यानं जुनाच आणून दिलेला, पुढे भाता उघडणारा. भिंगाच्या कड्यावर अंतर ठरवायला तीन बारीक चित्रं कोरली होती. "हे बघा. एक डोकं, एक घोळका, एक डोंगर. सहा महिने झाले, तुमचं कडं डोंगरावरून हललेलं नाही. दुसऱ्यांच्या फोटोत कुठं काय सैल आहे ते तुम्हाला पहिल्या नजरेत दिसतं. स्वतःच्या फोटोकडे मात्र तुम्ही हात जोडून बघता. जवळ जा."

पायांचं तिला फारसं लागलं नाही. हात जोडण्याचं लागलं, कारण ते खरं होतं.

आणि दुसऱ्यांचं सैल कुठं ते पहिल्या नजरेत दिसण्याचं म्हणाल, तर ती विद्या तिनं कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी शिकलेली होती. वृंदाचे वडील, तिचे अण्णा, दिगंबरबुवा कीर्तनकार. वर्ध्याकडच्या गावागावांत त्यांची कीर्तनं व्हायची, आणि सातआठ वर्षांच्या वृंदाला ते नारदाच्या गादीच्या मागे, पेटीवाल्याच्या गुडघ्याशी बसवायचे. कीर्तनकार देवाला सांगतो आणि श्रोत्यांना ऐकवतो. श्रोत्यांची तोंडं नीट दिसतात ती त्या मागच्या जागेवरून. घरी जाताना बैलगाडीत अण्णा विचारायचे, "आज कुठं सैल झालं?" आणि ती सांगायची. बायका रडल्या ते कुठं, पुढच्या आजोबांनी जांभई दिली ती कोणत्या श्लोकाला. पुढच्या गावच्या कीर्तनात तो श्लोक गळालेला असे. एवढ्या मोठ्या बुवांनी एवढ्याशा पोरीचं ऐकावं, याचं तेव्हा तिला काही विशेष वाटलं नव्हतं. आता आठवलं की मान आपोआप ताठ व्हायची.

चैत्रात ते अण्णा कलकत्त्याला यायचे होते. मराठी मंडळात रामनवमीचं कीर्तन त्यांचं ठरलं होतं. पण वृंदानं मनाशी दुसरंच ठरवलं होतं. अण्णांचा घरात एकच फोटो होता, रेशनकार्डाला काढल्यासारखा, घाबरलेला. गादीवर उभे असलेले अण्णा कुणीच टिपले नव्हते. ते ती टिपणार होती, आणि यावेळी जवळ जाऊन.

हावड्याला गाडीतून उतरताना अण्णांनी पायरी पायानं चाचपली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरत होता. पिकला नाही म्हणून डॉक्टर थांबायला सांगत होते. जावई सदाशिवरावांनी हात धरला तर अण्णा म्हणाले, "बँकेचा माणूस आहे, सोडणार नाही," आणि हमालासकट सगळे हसले. पण त्या आठवड्यात, लेक मार्केटमधल्या भाड्याच्या घरात तिच्या हातचं पिठलं जेवताना, ते हळूहळू बोलले.

हिंगणघाटच्या देवळानं गोकुळाष्टमीच्या सप्ताहाला बोलावलं होतं. तीस वर्षांचा शिरस्ता. यंदा जावं की नाही याचं त्यांचं ठरत नव्हतं. आवाज पूर्वीचा नव्हता, माइक लागायचा. त्याचंही काही नाही, म्हणाले, देवाला माइक चालतो. पण समोर आता नुसतं पांढरं दिसतं. पहिल्या रांगेच्या पलीकडे माणसं आहेत की चादरी वाळत घातल्यात, कळत नाही.

"तुझी आई होती तोवर ती सांगायची. त्याच्या आधी तू. आता मी बोलतो, लोक शेवटी पाया पडतात, हार घालतात. हार काय, सगळ्यांनाच घालतात. कुणी ऐकतं का, ते कोण सांगणार?"

"रामनवमीला मी आहे ना," वृंदा म्हणाली.

"बघू. रामनवमी होऊ दे, मग ठरवतो."

मंडळाच्या गच्चीवर पांढऱ्या कापडाचा मांडव घातला होता. सकाळचं ऊन त्यातून गाळून आल्यासारखं मऊ पडलं होतं, आणि वृंदाला वाटलं की हा उजेड देवानंच पाठवला. रामाचा पाळणा सजला होता. चार उभे पंखे घरघरत होते. मंडळातली झाडून सगळी माणसं आली होती, शेजारच्या इमारतीतली बंगाली कुटुंबंही आली होती, आणि पुढून तिसऱ्या रांगेत, आपण केवळ प्रकाश बघायला आलो आहोत असं दोनदा सांगून, टिपणीस बसले होते. सदाशिवराव बँकेतून अर्धी रजा काढून मागच्या खांबाला टेकले.

अण्णा गादीवर उभे राहिले. धोतर, उपरणं, कपाळावर बुक्का, हातात चिपळ्या. नमनाचे सूर निघाले. वृंदानं कॅमेऱ्याचा भाता उघडला, कडं डोंगरावरून डोक्याच्या चित्रावर आणलं आणि गुडघ्यांवर सरकत अण्णांच्या डाव्या हाताला गेली. रोल आठ फोटोंचा. पूर्वरंग चालू होता; नामाचा महिमा सांगत अण्णा हात उंचावत होते. तिनं एक घेतला. दोन घेतले. आणखी जवळ गेली. पाच, सहा. सातव्या फोटोला ती अर्धी उठली, कळ दाबली आणि वाकून मागे सरकली.

अण्णांचं वाक्य मध्येच थांबलं.

त्यांची मान डावीकडे वळली होती. विरलेल्या नजरेनं ते काहीतरी शोधत होते. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हटलं. पेटीवाल्या विनायकरावांनी प्रसंग ओळखून धृपद उचललं, झांजा वाजल्या, आणि कीर्तन पुढे गेलं. गच्चीवरच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. वृंदाच्या आलं. कीर्तनातून मध्येच माणूस उठून जाणं, याच्याइतका घाव कीर्तनकाराला दुसरा नाही. तलवारीचा वार सोसेल, हा सोसणार नाही. अण्णांना एक काळी सावली उठून जाताना दिसली होती आणि ती सावली तिचीच होती.

पूर्वरंग संपला, रिवाजाप्रमाणे मध्यंतरात बुवांना हार घातला, पेटीला आणि तबल्याला हार झाले. रांगेतून पुढे जाऊन वृंदा पाया पडली तेव्हा अण्णा वाकले.

"कोण उठून गेलं गं?"

"कुणी नाही, अण्णा. मीच होते. फोटो काढत होते."

"बरं," अण्णा म्हणाले. पण त्यांनी तिच्या डोक्यावर हात जरा जास्तच वेळ ठेवला. लहान मुलाचं खोटं पोटात घालताना ठेवतात तसा.

उत्तररंगाला ती पुढे गेली नाही. कॅमेरा मांडीवर ठेवून ती आपल्या जुन्या जागी जाऊन बसली, गादीच्या मागे, पेटीशी. एक फोटो शिल्लक होता, तो राहू दे म्हणाली. समोर अण्णांच्या टाचा होत्या. भेगा पडलेल्या, पांढऱ्या चादरीवर घट्ट रोवलेल्या. त्या टाचांच्या पलीकडे माणसंच माणसं.

आख्यान रामजन्माचं. बाराला दहा मिनिटं उरली असतील. अण्णांनी दशरथाला बाळंतिणीच्या दाराबाहेर उभं केलं होतं. एवढा चक्रवर्ती राजा, पण दाराबाहेर बाप म्हणून उभा राहिला की सगळे सारखेच. आतून आवाज नाही. राजा दाराला कान लावतो. आतून आवाज नाही.

"राजवाड्यात त्या वेळी पानही हालत नव्हतं," अण्णा म्हणाले, आणि वीज गेली.

त्या दिवसांत कलकत्त्यात वीज जाणं म्हणजे कावळा ओरडण्याइतकंच नेहमीचं. पंखे हळूहळू थांबले. माइक मेला. खरी शांतता काय असते ते गच्चीला एकदम कळलं. वृंदाला वाटलं, आता कुजबुज होणार, पुरुष पदाधिकाऱ्यांकडे बघणार, बायका पदरानं वारा घेणार. अण्णांनाही तसंच वाटलं असावं. त्यांच्या टाचा किंचित उचलल्या गेल्या. मग पुन्हा टेकल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. उलट उतरवला. माइकशिवायचा, सत्तरीचा, जरा खरखरीत असा तो आवाज दशरथाच्या श्वासासारखा बारीक झाला.

आणि सगळी गच्ची पुढे झुकली.

वृंदानं ते बघितलं. तिच्या हातांनी कडं डोक्यावरून घोळक्यावर आणलं. ती उठली नाही, सरकली नाही, कॅमेरा चादरीपासून वीतभर वर धरला आणि श्वास रोखून शेवटची कळ दाबली.

मग राम जन्मला, फुलं उधळली, पाळण्याची दोरी हालली, आणि सुंठवडा वाटायला सुरुवात झाली. लोकांनी अण्णांना घेरलं. मंडळाच्या प्रतिभाताई म्हणाल्या की असा रामजन्म त्यांनी वीस वर्षांत ऐकला नव्हता. अण्णा हात जोडत होते, हसत होते, आणि प्रत्येकाला तेच म्हणत होते, की सगळी त्याची कृपा.

घरी येताना रिक्षात अण्णांनी विचारलं नाही, आज कुठं सैल झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागदाला नाक लावून हिंगणघाटला पोस्टकार्ड लिहिलं आणि पत्ता बरोबर आहे का बघायला वृंदाकडे दिलं. पत्त्याआधी तिनं मजकूर वाचला. प्रकृतीमुळे गोकुळाष्टमीस येणे होणार नाही, यापुढे अन्य कीर्तनकार पाहावा, ही विनंती.

"अण्णा, वीज गेली तेव्हा सगळे ऐकत होते. एकूण एक."

"लेक आहेस," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुला बरंच दिसणार. लहान होतीस तेव्हा खरं सांगायचीस."

तिनं कार्ड परत दिलं. सदाशिवराव बँकेत जाताना टाकतो म्हणाले, तर अण्णांनी मान हलवली. असला निरोप दुसऱ्याच्या हातून पाठवू नये, स्वतः टाकेन. रहदारीत एकटं उतरायची सोय नव्हती. म्हणून कार्ड त्यांच्या बंडीच्या खिशात राहिलं.

शनिवारी वृंदानं दुकानातून फोटो आणले आणि जिन्यातच पाकीट उघडलं. पहिल्या सहांत अण्णांचं तोंड उघडं होतं, डोळे मिटलेले होते, हात नुसता धूर झाला होता. सातव्यात अण्णा डावीकडे बघत होते. तो तिनं लगेच पालथा केला. तो फोटो चांगला आला होता, आणि तो ती कधीच कुणाला दाखवणार नव्हती. मग आठवा.

जिन्यात बराच वेळ गेला. वरून सदाशिवरावांनी हाक मारली तेव्हा ती भानावर आली. अण्णांना लगेच दाखवावा असं दहादा मनात आलं. पण दाखवला, तर शेजारी उभी राहून ती सांगत बसणार, आणि लेकीच्या सांगण्याचं काय मोल ते परवा कळलंच होतं. टिपणीसांच्या दुसऱ्या नियमाचा अर्थ तिला त्या जिन्यात कळला. फोटो एकटाच जाऊ दे.

रविवारी अण्णा आपणहून म्हणाले, तू दर महिन्याला कुठं जातेस ते बघू तरी, आणि वाटेत कार्डही टाकू. ट्राम समोरच उभी मिळाली, धावत चढावं लागलं. "येताना टाकू," अण्णा म्हणाले.

खोलीत त्यांना खुर्ची मिळाली, मातीच्या भांड्यात चहा मिळाला. टेबलावर पालथे फोटो एकेक उलटू लागले. होडी झाली, हावड्याचा पूल झाला, एका मांजराचे तीन झाले. टिपणीसांची लाल पेन्सिल नेहमीप्रमाणे चालत होती. मग त्यांनी पोस्टकार्डाच्या मापाचा एक फोटो उलटला आणि थोडे थांबले.

"माने, आज खोलीत सर्वांत नवे तुम्ही आहात, बुवा," ते म्हणाले. "नियम आहे. आधी तुम्ही बोलायचं."

"मला दिसत नाही हो," अण्णा म्हणाले. "आणि मला यातलं काय कळतं."

टिपणीसांनी आपलं बहिर्गोल भिंग त्यांच्या हातात दिलं आणि फोटो खिडकीच्या उजेडात सरकवला. वृंदा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

अण्णांनी भिंग आधी फोटोच्या तळाशी नेलं. दोन टाचा, त्यांच्या भेगा, धोतराची किनार. भिंग तिथं जरासं थबकलं. मग वर सरकलं आणि पहिल्या रांगेच्या डाव्या टोकापासून सुरू झालं, जसं पोथीचं पान वाचतात.  

"ही ऐकतेय," अण्णा म्हणाले.

टिपणीसांनी ते बंगालीत सांगितलं.

"हा ऐकतोय. ह्या बाईंचा हात मुलाच्या पाठीवर आहे, पण कान इकडे आहे. ही बंगाली दिसते, भाषा कळत नसेल, पण ऐकतेय. हे एक गृहस्थ." भिंग तिसऱ्या रांगेवर आलं. "ह्यांनी कानामागे तळहात धरलाय. तोंड उघडं राहिलंय, त्यांचं त्यांनाही माहीत नाही."

टिपणीसांनी हे भाषांतर करायला थोडा वेळ घेतला. त्यांनी आधी घसा साफ केला. पण फोटो टेबलावर होता आणि डोळे सगळ्यांनाच होते. खोलीभर हसू पसरत गेलं आणि टिपणीस म्हणाले, फोटोतल्या माणसानंही बोलायचं नसतं, हा आजपासून चौथा नियम.

अण्णा थांबले नव्हते. एकेक रांग, एकेक तोंड. मागच्या खांबापाशी भिंग आलं आणि थबकलं.

"हे मात्र झोपलेत," अण्णा म्हणाले. मग हळूच, कुणाची बाजू घ्यावी तसं, "झोपू देत. आठवडाभर बँकेत बसून माणूस दमतो."

हे बंगालीत गेलं तशी सगळी खोली वृंदाकडे वळली. तिनं मान खाली घातली. पाठीमागचं नाव वाचायची आता गरज उरली नव्हती.

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. "माझं झालं," ते म्हणाले. "एवढ्यांत एकच झोपलाय."

आता टिपणीसांची पाळी. त्यांनी लाल पेन्सिल हातात घेतली, आणि दोन काटकोनी पुठ्ठे घेतले, ज्यांची चौकट करून ते फोटोचा नको तो भाग झाकून बघत. त्यांनी पुठ्ठा खालून वर सरकवला आणि टाचा झाकल्या. वर माणसं राहिली, पुढे झुकलेली, पण कशासाठी ते कळेना. पुठ्ठा काढला. पुन्हा झाकला. पुन्हा काढला. एकदा त्यांनी फोटोकडे बघितलं, एकदा खुर्चीतल्या अण्णांच्या चपलांकडे. मग पुठ्ठे एकावर एक ठेवले आणि पेन्सिल परत कानावर गेली.

"माने," ते म्हणाले, "पुढचा फोटो."

सहा महिन्यांत वृंदाचा एकही फोटो लाल रेघेशिवाय त्या टेबलावरून उठला नव्हता. शेजारच्या बंगाली बाईंनी टेबलाखालून तिचा हात धरला. तिला रडू आलं नाही. उलट लहानपणी बैलगाडीत बसायची तशी ती पाठ ताठ करून बसली.

परतीच्या ट्राममध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. अण्णांनी फोटो मागून घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसले. भिंग नव्हतं, त्यामुळे त्यांना त्यात काही दिसत नव्हतं, तरी बघत होते. दोन थांबे गेले.

"अण्णा," वृंदा म्हणाली, "कुठं सैल झालं?"

अण्णांनी विचार केला. तोंडदेखलं काही सांगायची त्यांची रीत नव्हती.

"पेटी अर्धी कापली गेलीय," ते म्हणाले. "विनायकराव बघतील तर रागावतील. आणि उजवीकडं जरा मोकळं पडलंय."

"हं."

"बाकी बसलंय."

हा शब्द ते फार क्वचित वापरत. कीर्तन बसलं, असं आईला स्वतःविषयी म्हणाल्याचं वृंदाला सगळ्या जन्मात दोनदाच आठवत होतं.

लेक मार्केटला ते उतरले. कोपऱ्यावर पत्रांची लाल पेटी होती. अण्णांना विसर पडला असेल म्हणून तिनंच आठवण केली, कार्ड टाकायचं होतं ना. अण्णा थांबले. बंडीच्या खिशातून त्यांनी कार्ड काढलं. चैत्रातली दमट हवा होती. फोटोचा कागद कडांना वळायला लागला होता. अण्णांनी तो अंगठ्यानं दाबून सपाट केला, पण सोडला की पुन्हा वळे. मग त्यांनी कार्ड त्याच्या मागे लावलं. माप बरोबर जुळलं. दोन्ही रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवलं आणि वरून एकदा चापून बघितलं.

"मागं काहीतरी जाड लागतं," ते म्हणाले, "नाहीतर मोडेल."

त्यांनी तिचं कोपर धरलं आणि दोघं पेटीवरून पुढे गेली. रस्ता ओलांडताना अण्णा काहीतरी गुणगुणत होते. रिक्षांच्या घंटांत आधी नीट ऐकू येईना. पलीकडच्या फुटपाथवर चढल्यावर वृंदानं ते ओळखलं. रामजन्माचं नव्हतं ते. गोकुळातलं होतं. अण्णा धृपदाशी थांबले, थांबतात तसे, आणि तिनं मागून ते उचललं.